मदत हवी आहे: मऊ जेलवरही याप केंद्रकातच!

अडकलेली_पेशी
पेशी वाढवायला १ (मऊ) आणि ४० (ताठ) किलोपास्कलची पॉलिअॅक्रिलअमाइड जेल केली. ट्युमरच्या ताठरपणाने याप (YAP, जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकात जातो हे दाखवायचंय, पण तो दोन्हीकडे केंद्रकातच! नेहमीचीच रेसिपी, कोलॅजन-१चं कोटिंग. तीनदा केलं. परवा ग्रुप मीटिंग आहे, लवकर सांगा.

जेलमास्तर
नेहमीची म्हणजे कोणती? १ साठी ३% अॅक्रिलअमाइड नि ०.१% बिस (साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन), ४० साठी ८% नि ०.४८%, हीच ना? पेशी कोणत्या? किती दाट? कव्हरस्लिप केवढी, तिच्यावर मिश्रण किती? एवढं गाळून विचारलंत तर ज्योतिषीच गाठावा लागेल.

नारिंगी_ते_तपकिरी
सल्फो-सॅनपाह (जेलला कोलॅजन चिकटवणारं रसायन) बघा. पाण्यात कालवून ठेवलं की निकामी होतं, लगेच यूव्हीखाली धरायचं. नारिंगीचं तपकिरी झालं नाही तर कोलॅजन बसलेलंच नाही.

जेलमास्तर
@नारिंगी कोलॅजन बसलं नसतं तर पेशी चिकटल्याच नसत्या. इथे तक्रार वेगळी आहे.

अडकलेली_पेशी
रेसिपी तीच. एमडीए-एमबी-२३१ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी), पूर्ण भरलेल्या. १८ मिमी कव्हरस्लिप, १० मायक्रोलिटर.

मर्लिनप्रेमी
मग जेलला कशाला दोष? २३१ मध्ये एनएफ-२ जनुक बाद आहे, म्हणजे त्याचं मर्लिन प्रथिन नाही. यापला केंद्रकाबाहेर ठेवणाऱ्या लॅट्स एन्झाइमला जागं करणारं कोणी नाही, त्यामुळे कितीही गर्दी झाली तरी याप आतच. एमसीएफ-१०ए (स्तनाच्याच, पण कर्करोग नसलेल्या पेशी) घ्या, विषय संपला.

जेलमास्तर
अर्धंच खरं. गर्दीचा निरोप मर्लिन-लॅट्समार्गे जातो, पण ताठरपणाचा बराचसा पेशीतल्या अॅक्टिन-मायोसिन तंतूंच्या ताणातून, लॅट्सला वगळून. पिकोलोंच्या गटाने २०११ मध्येच ते दाखवलंय. पेशी बदलून जेलची चूक सुटणार नाही.

आता हिशेब. १० घन मिमी भागिले २५४ चौरस मिमी, म्हणजे जेमतेम ४० मायक्रॉन जाडी. एकट्यादुकट्या पेशीला ती पुरते. पण भरलेला थर मिळून ओढतो, तेव्हा त्याला खालची काच जाणवते. २५ मायक्रोलिटर घ्या, १०० मायक्रॉनच्या आसपास जाल. पेशी विरळ पेरा, चौरस सेंटिमीटरला ५ हजार. दुसऱ्या दिवशी आधी नुसता आकार बघा: १ किलोपास्कलवर पेशी आखडलेल्या, गोलसर हव्यात. तिथेही ४०सारख्या ऐसपैस पसरल्या असतील तर रंगवायची घाई नको, जेलच फसलंय.

दाबवादी
मुळात ताठरपणा कशाला? गाठ वाढताना आतून दाबली जाते, ते बघा. १९९७ मध्ये हेल्मलिंगर आणि जैन यांनी अॅगारोज जेलमध्ये गाठीच्या पेशींचे गोळे वाढवले, ४५ ते १२० मिमी पाऱ्याला वाढ थांबली. सोपं करायचं तर २४ मिमीचा ट्रान्सवेल (तळाशी सच्छिद्र पडदा असलेली वाटी) घ्या. ५.८ मिमी पारा म्हणजे ७७३ पास्कल, पडदा ४.५ चौरस सेंमी, पेशींवर ठेवायचं वजन ३५ ग्रॅम. मध्ये १% अॅगारोजची गादी.

जेलमास्तर
विचारलंय काय, सांगताय काय! आणि ते ३५ ग्रॅम हवेतले. अॅल्युमिनियमचं वजन पूर्ण माध्यमात बुडालं की एक तृतीयांशाहून जास्त भार उत्प्लावनात जातो.

दाबवादी
स्टील वापरा मग. आठवा हिस्साच जातो.

पाहुणा_७
लोसार्टनने गाठीतला दाब उतरतो असं वाचलं. नातेवाइकांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. डोस किती?

मर्लिनप्रेमी
उंदरांत त्याने कोलॅजन घटून दबलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या, हे खरं. पण ते रक्तदाबाचं औषध आहे, रक्तदाब उतरणारच. डोस इथे नको, उपचार करणाऱ्या ऑन्कोलॉजिस्टनाच विचारा.

अडकलेली_पेशी
२५ने आज ओतते. पण याप रंगवणारी अँटिबॉडीच खोटी असेल तर?

जेलमास्तर
४० किलोपास्कलवर ब्लेबिस्टॅटिन (मायोसिनचा ताण थांबवणारं रसायन), २५ मायक्रोमोलर, दोन तास. शेजारी नुसतं डीएमएसओ (त्याचा द्रावक). याप बाहेर आला तर अँटिबॉडी ठीक. प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा, निळ्या प्रकाशात ते बिघडतं. फिक्स करण्याआधी ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश लावून डोकावू नका.

मर्लिनप्रेमी
आणि एमसीएफ-१०ए शेजारी ठेवाच.