१९ मार्चचं बालीचं विमानच दिसत नाहीये, दीर बोटीवर राहतात, प्लॅन कसा बसवू?

शाहूपुरीची_सून (सातारा):
नमस्कार मंडळी, डोकं भंजाळलंय, कुणीतरी मार्ग दाखवा. माझे धाकटे भावजी आणि जाऊबाई शिडाच्या बोटीवर राहतात, म्हणजे ट्रिपला म्हणून नाही, घरच ते त्यांचं. बोट सध्या बालीत सेरांगनला मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या बोयाला, बांधून ठेवलेली आहे. जानेवारीत दोघं सातारला येऊन गेले, २२ फेब्रुवारीला परत बोटीवर गेले, आणि जाताना सासूबाईंना शब्द देऊन बसले की यंदाचा पाडवा आईनं आमच्या बोटीवर करायचा. आता तो शब्द निभवायचा कुणी, तर मी. लेकीचे दहावीचे पेपर पाडव्याच्या आधी संपतायत, मिस्टर बँकेत आहेत त्यामुळं मार्च एंडला त्यांचं नावच काढायचं नाही, म्हणजे मी, लेक आणि सासूबाई अशा तिघी. १८ ला रात्री मुंबईवरून निघायचं, १९ ला सकाळी पोचून गुढी उभारायची असा विचार होता. पण वेबसाइटवर १७ ला पोचणारी विमानं दिसतात, १८ ला दिसतात, २० ला दिसतात आणि १९ ला एकही नाही! सिंगापूरवरून बघितलं, क्वालालंपूरवरून बघितलं, तेच. दुसरं म्हणजे भावजी म्हणतात २० ला आलात तर लगेच २१-२२ ला बोट घेऊन शेजारच्या लोम्बोक बेटावर जाऊ, आईला पण फिरवू. सासूबाई ७१ वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हे सगळं शक्य आहे का?

डेकवाला_वाई:
ताई वेबसाइट बरोबर आहे, १९ ला बालीचं विमानतळच बंद आहे. सकाळी ६ पासून २० च्या सकाळी ६ पर्यंत. त्या दिवशी तिथं न्येपी असतो, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, आणि ते पाळायचं म्हणजे अख्ख्या बेटानं गप्प घरात बसायचं. रस्त्यावर कुणी नाही, दुकानं बंद, दिवे बंद नाहीतर पडदे ओढून, फेरीबोटी बंद, मोबाइलचं इंटरनेटसुद्धा बंद ठेवतात. गावचे पेचालांग म्हणून स्वयंसेवक असतात ते रस्त्यावर फिरत असतात, परदेशी पाहुणा दिसला तरी गोड बोलून हॉटेलात परत धाडतात. दवाखाना आणि ॲम्ब्युलन्स सोडून कुणाला सूट नाही.

आणि गंमत म्हणजे हा दिवस आपल्या पाडव्यालाच आला हा काही योगायोग नाही. बालीत शक चालतो, इ.स. ७८ चा, आपलाच. आपल्याकडं शके १९४८ सुरू होतंय आणि तिकडंही १९४८ च. फक्त अधिक महिना ते त्यांच्या हिशोबानं धरतात त्यामुळं दरवर्षी जुळतंच असं नाही, २०२४ ला त्यांचं ११ मार्चला झालं आणि आपला पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ ला एका दिवसाचा फरक, यंदा २०२६ ला दोन्ही बरोब्बर एकाच दिवशी. मी मर्चंट नेव्हीत होतो तेव्हा आमचा बालीचा खलाशी आमच्या कालनिर्णयमध्ये डोकावून बघायचा.

१९ ला भावजींना व्हॉट्सॲप करत बसू नका, जाणार नाही. आणि १८ ला पोचायचं म्हणाल तर संध्याकाळच्या आत पोचा, कारण त्या संध्याकाळी ओगोह-ओगोहच्या मिरवणुका असतात, हे मोठाले राक्षसांचे पुतळे खांद्यावर घेऊन नाचवतात, तेव्हा रस्ते पॅक असतात, टॅक्सी अडकली की अडकलीच.

मानदेशी_माणूस:
वरचं सगळं खरं, पण ताईंचा मेन प्रॉब्लेम वेगळाच आहे आणि तो अजून कुणी बोललं नाही. तुमचे भावजी २२ फेब्रुवारीला गेले ना, व्हिसा ऑन अरायव्हलवर गेले असतील तर ३० दिवस २३ मार्चला भरतात. आता कॅलेंडर बघा. १८ ला न्येपीची जोडसुट्टी, १९ ला न्येपी, २० ला ईदची जोडसुट्टी, २१-२२ ईद, २३-२४ परत जोडसुट्टी. म्हणजे १८ ते २४ सरकारी ऑफिसाला टाळं. मुदतवाढ एकदा मिळते अजून ३० दिवसांची, पण २०२५ पासून फॉर्म ऑनलाइन भरला तरी फोटोला स्वतः इमिग्रेशन ऑफिसात जावंच लागतं. ते १७ च्या आत उरकलं नाही तर व्हिसा सुट्टीतच संपणार आणि जास्त राहिल्याचा दंड माणशी दिवसाला १० लाख रुपिया, त्यांचा रुपिया हो, आपला नाही, पण तरी बोचतोच. भावजींना आजच सांगा, मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका म्हणावं. बोटीच्या कागदांची मुदत वेगळी असते आणि चांगली लांब असते, त्यामुळं बोटवाल्या लोकांचा असा समज होतो की बोट कायदेशीर म्हणजे आपण पण कायदेशीर.

कृष्णाकाठ_सांगली:
मला हे लोम्बोक प्रकरण खटकतंय. नकाशावर बाली आणि लोम्बोक अगदी शेजारी दिसतात पण मधली जी सामुद्रधुनी आहे तिच्यातून पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागरात उतरतं, नुसा पेनिडा बेटाच्या आसपास तर असला ओढा असतो की विचारू नका. शिडाची बोट इंजिन लावून ५-६ नॉट (तासाला साधारण १० किमी) जाते आणि पाणी ४-५ नॉटनं उलटं येत असेल तर तुम्ही दिवसभर तिथल्या तिथं. वर वारा पाण्याच्या विरुद्ध असला की उभ्या लाटा. भावजींना हे माहीतच असणार, वेळ बघून जातीलही, पण "२१ ला जायचंच" असं ठरवून गेलं की माणूस नको तेव्हा निघतो. बोटीवरच्या माणसाला भेटायचं तर तारीख ठरवा नाहीतर जागा ठरवा, दोन्ही धरून बसलात की काहीतरी एक फसणारच. सासूबाई असताना बोट जागची हलवू नका.

आणि २१-२२ ला लोम्बोकला जाऊन करणार काय? तिथं बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत, ऐन ईदला खानावळी, दुकानं, ड्रायव्हर सगळे घरी. फेरीचं म्हणाल तर त्या आठवड्यात गावी जाणाऱ्यांची गर्दी म्हणजे गणपतीतला मुंबई-गोवा हायवे.

शाहूपुरीची_सून (सातारा):
अरे बापरे, व्हिसाचं तर आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं, आत्ताच जाऊबाईंना मेसेज टाकला. पण मग पाडवा? १७ ला पोचलो आणि १९ ला दिवसभर बोटीवरच थांबलो तर चालेल ना? गुढी काय, शिडाचा खांब आहेच की म्हणाले भावजी.

डेकवाला_वाई:
चालेल, पण दिवसभर बोटीवरून उतरायचं नाही, किनाऱ्यावर डिंगी (बोटीची छोटी होडी) न्यायची नाही, रात्री केबिनचे दिवे झाकून. गुढी शांततेत उभारली तर कुणी काही म्हणणार नाही असं मला वाटतं, तरी मुरिंगवाल्याला आधी विचारा, त्यांचा सण आहे. पुरणपोळ्या आदल्या दिवशी करून ठेवा.

पण मला सासूबाईंचं वाटतं. मुरिंगवरची बोट म्हणजे जेटीला लागलेली नसते. आधी धक्क्यावरून त्या रबरी डिंगीत पाय टाकायचा, ती हालत असते, मग बोटीच्या मागच्या शिडीनं चढायचं, मग आत चार-पाच उभ्या पायऱ्या खाली. संडास हातानं पंप मारायचा, आठ-दहा दांडे मारल्याशिवाय पाणी जात नाही. टाकीतलं पाणी मोजून. आणि मार्चला तिकडं पावसाळा पुरता सरलेला नसतो, सर आली की सगळ्या खिडक्या बंद आणि आत भट्टी. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला आणि त्यात दिवसभर उतरायची सोय नाही, हे मला पटत नाही राव. सानुर तिथून जवळ आहे, तिथं खोली घ्या, दिवसा दोन-तीन तास बोटीवर जा, चहा प्या, या परत. पण न्येपीला तेही करता येणार नाही, आई खोलीत आणि मुलगा बोटीवर, मग उपयोग काय.

मानदेशी_माणूस:
म्हणून म्हणतो, पाडव्याचा हट्ट सोडा. मिस्टरांचं मार्च एंड ३१ ला संपतंय. तुमच्या गावची जत्रा कधी आहे? चैत्रात असली तर आधी ते बघा, नाहीतर भावकी बोलेल.

शाहूपुरीची_सून (सातारा):
जत्रा चैत्री पौर्णिमेला, म्हणजे २ एप्रिल. पालखीचा मान आमच्याकडं असतो त्यामुळं घर बंद ठेवून चालतच नाही.

कृष्णाकाठ_सांगली:
मग झालंच की. ३ ला गुड फ्रायडे, तिकडं पण सुट्टी असते म्हणून तो सोडा, ४ एप्रिल शनिवार, चौघं मिळून निघा. मिस्टर पण येतील. ईदची गर्दी ओसरलेली, पाऊस कमी झालेला. भावजींना मुदतवाढ मिळाली की ते २२ एप्रिलपर्यंत निवांत. गलुंगन म्हणून त्यांचा अजून एक मोठा सण आहे पण तो यंदा १७ जूनला आहे, त्याची भानगड नाही. तिकीट मात्र तारीख बदलता येणारं घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

शाहूपुरीची_सून (सातारा):
मिस्टरांना वाचून दाखवलं, ते तर उड्याच मारतायत. सासूबाई जरा हिरमुसल्या पण जत्रेचं ऐकल्यावर म्हणाल्या देवाचं आधी, पोराचं मग. ४ एप्रिल बघते. तिघींचे पासपोर्ट काढून ठेवलेत, माझा आणि लेकीचा नवीनच आहे, सासूबाईंचा २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे.

मानदेशी_माणूस:
थांबा थांबा, तिकीट काढू नका!! पोचायच्या दिवसापासून सहा महिने पासपोर्ट शिल्लक लागतो. मार्चमध्ये गेला असता तर काठावर बसत होता, ४ एप्रिलला नाही बसत, ४ ऑक्टोबर होतं. विमानतळावर चेक-इनलाच अडवतील, तिकडं पोचायची वेळच येणार नाही. आज रात्रीच रिन्यूचा फॉर्म भरा, तत्काळमध्ये टाका, अपॉइंटमेंट मिळेल ती घ्या, सातारला नाही मिळाली तर पुण्याला जा. जुना पासपोर्ट आणि आधार ओरिजिनल घ्यायचं. पत्ता बदललाय का बघा, शाहूपुरीच्या आधीचा गावचा पत्ता असला तर आताच सांगा, त्याचे कागद वेगळे लागतात.

शाहूपुरीची_सून (सातारा):
गावचाच आहे हो 😩 काय काय लागतं सांगा, लिहून घेते.