मदत हवी आहे: मरळीच्या पोटात फुगा असताना ती हवा डोक्यात का साठवते?

धानपट्टा:
नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यात मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठच्या गावात आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. वर्गात ढिवरांची पोरं बरीच आहेत. मासा कसा उघडायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकतो. त्यातल्या एकीने विचारलं, "सर, मरळ वर येऊन हवा गिटते, अन् तिच्या पोटात फुगा बी हाय. मंग थे हवा फुग्यातच जात असन नं?"

नाही जात. ती कल्ल्यांच्या वर, कवटीच्या बाजूच्या पोकळीत जाते. तिथल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मोठी मरळ या हवेवर इतकी अवलंबून असते की तिला वर येऊच दिलं नाही तर ती पाण्यात गुदमरून मरते. एवढं सांगून झालं, तर पोरीचा पुढचा प्रश्न तयार होता: फुगा आहे, तर मग वेगळी खोली कशाला?

मला माहीत आहे ते आधीच लिहितो. परांमध्ये काड्या असलेल्या माशांच्या, म्हणजे रोहूपासून सुरमईपर्यंत ३०,००० हून अधिक जातींच्या पूर्वजांना फुप्फुसं होती. आफ्रिकेतल्या बिचिरला ती आजही आहेत, आपल्यासारखीच अन्ननलिकेच्या खालच्या अंगाने फुटलेली. बाकी बहुतेकांत हाच अवयव वरच्या अंगाला जाऊन तरंगायचा फुगा झाला. डार्विनने १८५९ मध्ये नेमकं उलटं, फुग्याचं फुप्फुस झालं असं लिहिलं होतं. त्याचं ठीक आहे, पण गाइडं अजून तेच छापतात. तो राग वेगळ्या धाग्यात काढीन.

म्हणजे मरळीच्या घराण्यात श्वासाचा अवयव होता, तो मोडला, आणि श्वासासाठी पुन्हा नवा बांधला. हा कारभार असा का? मांगूर आणि शिंगीही हवा घेतात, त्यांचंही तसंच का? आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला गार माशाचे जीवाश्म सापडलेत असं वाचलं. गार तर फुग्यानेच श्वास घेतो. कोणाला नक्की माहीत आहे का?

रस्साभुरका:
उत्तर माहीत नाही, पण मरळीचा रस्सा डोळ्यांपुढे आला. वाचतोय.

जलचर:
सर, मरळीपुरतं सांगतो. तिच्या फुग्याला दारच नाही. रोहूचा फुगा काढून बघा, त्यातून एक बारीक नळी अन्ननलिकेकडे जाते. मरळीत ती नळी नसते. मरळ या जगात येण्याच्या कितीतरी आधी, तिच्या पूर्वजांतच ती बुजली. अशा माशांत फुग्याच्या भिंतीतली ग्रंथी रक्तातला वायू आत सोडते. त्यामुळे फुगा भरायला वर यावं लागत नाही, खोल पाण्यात हे फार सोयीचं. मरळ मात्र उथळ, तापणाऱ्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या पाण्यात राहणारी. एक लिटर हवेत २०० मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन असतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ५-६. हवा घेण्यात फायदा उघड आहे, पण गिळलेली हवा फुग्यापर्यंत न्यायला वाट उरलेली नाही. मग जिथे हवाही पोचते आणि रक्तही खेळतं, तिथे, म्हणजे कल्ल्यांच्या शेजारीच सोय झाली.

धानपट्टा:
हे पटलं. पण मांगूर तर रोहूच्या बाजूचा ना? त्यांच्यात नळी असते.

पूर्णाकाठ:
बरोबर अडवलंत. मांगराचा फुगा वेगळ्याच कामात अडकलाय, ऐकण्याच्या. रोहू, कतला, मांगूर, शिंगी या सगळ्यांत फुग्यापासून आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते. वेबर या शरीरशास्त्रज्ञाने ती १८२० मध्ये दाखवून दिली. मांगरात फुगा अगदी लहान होऊन हाडाच्या डबीत बसलेला असतो. तो फुगून-आकसून श्वास कसा देणार! म्हणून मांगराच्या कल्ल्यांच्या कमानींवर लाल झुडपासारखा अवयव आहे. शिंगीत कल्ल्यांच्या खोलीतून दोन लांब पिशव्या निघून स्नायूंमधून शेपटीकडे जातात. हे सगळं स्वतंत्रपणे घडलंय, एकाकडून दुसऱ्याकडे आलेलं नाही. आणि पोरांना हेही सांगा की फुग्याने श्वास घेणारा मासा आपल्या नद्यांतही आहे: चपटा, पाठीला कुबड, पोटाखाली शेपटीपर्यंत झालरीसारखा पर. पुस्तकात तो नोटोप्टेरस नावाने सापडेल.

डोंगरगावचं खरं आहे. जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये तिथल्या लामेटा थरांतल्या माशांचं वर्णन केलं आणि गारला 'इंडिकस' हे जातीनाम दिलं. सोबतच्या एका माशाच्या नावात नागपूरचे हिस्लॉप आहेत, तिथलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं तेच. थर डायनोसोरांच्या शेवटच्या काळातले. आज गार उत्तर आणि मध्य अमेरिकेत आणि क्युबात उरलाय. फक्त एक सांभाळा, जीवाश्मात फुगा दिसत नाही. तो श्वास कसा घ्यायचा हे आपण आजच्या गारवरून म्हणतो, पोरांनाही तसंच सांगा.

धानपट्टा:
ताई, आभार. बाजाराच्या दिवशी रोहू, मांगूर आणि मरळ शेजारी ठेवून उघडायचा विचार आहे.

पूर्णाकाठ:
मांगराचं डोकं तोडू नका म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगा, ते आधी तिथेच घाव घालतात. कल्ल्याचं झाकण कात्रीने कापलंत की झुडूप लगेच दिसेल. फुगा मात्र मणक्याशी चिकटलेला असतो, शोधावा लागेल. मरळ जिवंत आणणार असाल तर बादली काठोकाठ भरू नका, वर वीतभर जागा सोडा आणि झाकणावर वजन ठेवा. उडी मारते.