तार काढून जाळी करताना कोपऱ्यात काय करायचं?

सुईदोरा:
टेबलक्लॉथला चारी बाजूंनी तार (कापडातला धागा) काढून जाळी करायची आहे, ड्रॉन थ्रेड वर्क. सरळ पट्टीत जमतंय, हेमस्टिचही (उरलेले धागे कडेला गठ्ठ्यात बांधायचा टाका) बरी येते पण कोपऱ्यात गाडी अडते. धागा पूर्ण ओढला तर जाळी थेट कडेपर्यंत जाते, कोपऱ्यातच कापला तर तिथून उसवेल असं वाटतं. आणि उभे आडवे दोन्ही धागे निघाले की चौकोनी भोक पडतं त्याचं काय? टेरिकॉटवर चालेल का हेपण सांगा.

भरतवेडी:
धागा कोपऱ्यात कापायचाच नाही गं, पट्टीच्या मध्यावर कापायचा आणि तिथून सुईच्या बोथट टोकाने एकेक उचलत दोन्हीकडे कोपऱ्यापर्यंत सोडवत न्यायचा. मग ती सुटलेल्या धाग्याची शेपटी सुईत ओवून उलट्या बाजूने कडेच्या कापडात रफू केल्यासारखी खालीवर दोनेक सेंटीमीटर विणून टाक, मगच उरलेलं काप. जाळी दुमडीला लागूनच असेल तर एवढंही नको, शेपट्या सरळ दुमडीत सारायच्या.

भोकाचं म्हणशील तर खरी मजा तिथेच आहे. कडांना काजाचा टाका, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरके दोरे टाकून मधे कोळ्याचं जाळं विणायचं. इटलीतली रेतिचेल्ला लेस यातूनच पुढे आली, 16व्या शतकात इतके धागे काढायचे की कापड नावालाच उरायचं!

उभाआडवा:
टेरिकॉट नको, वीण घट्ट आणि धागे बारीक, मोजता मोजता डोळे जातील. साध्या विणीचं लिनन किंवा सुती घ्या, उभे आडवे धागे सारख्या जाडीचे हवेत. 28 काउंट म्हणजे इंचाला 28 धागे, त्यावर हात छान बसतो. आधी धुऊन इस्त्री करा, नंतर आटलं तर जाळी ओढली जाते. धागे चारच्या पटीत मोजून घ्या, नागमोडी जाळी करायची असेल तर एका कडेला चार चार बांधायचे आणि समोरच्या कडेला दोन याच्यातले दोन शेजारचे, हिशोब चुकला की शेवटी एकटा धागा लोंबतो.

टाकाटिप:
सगळं बरोबर पण रोज वापरायच्या कापडावर रुंद पट्टी करू नका हो, ताट सरकवताना, धुताना त्यातच काहीतरी अडकणार. चारसहा धाग्यांची बारीक पट्टी पुष्कळ झाली. रुंदच हवी तर पुल्ड थ्रेड करा, त्यात धागा काढतच नाहीत, टाका आवळून भोकं पाडतात, कापड मजबूत राहतं.

सुईदोरा:
भारी! मग लिनन आणि बारीक पट्टी. हेमस्टिचला दोरा कुठला घेऊ, अँकर कंपनीचा सहापदरी भरतकामाचा दोरा आहे घरात.

भरतवेडी:
त्यातला एकच पदर घे. नाहीतर त्याच कापडातून काढलेला धागा वापर, रंग जाडी आपोआप जुळते, फक्त छोटा घे, ओढताना लवकर झिजतो.