कृष्णविवरावरून लहरी कशा विखुरतात: अभ्यासाला सुरुवात कुठून करू?

नवखा_तरंग
सापेक्षतेचा एक कोर्स झालाय, श्वार्झशिल्डपर्यंत (न फिरणाऱ्या कृष्णविवराचं गणित) हात बसलाय. क्वांटममधलं स्कॅटरिंग (लहरींचं विखुरणं), पार्शल वेव्हज (लहर कोनीय भागांत तोडून मांडणं) येतात. कृष्णविवरावर लहर आदळली की किती आत जाते आणि किती परत फिरते, हे स्वतः गणित करून बघायचंय. चंद्रशेखरांचा कृष्णविवरांच्या गणितावरचा १९८३चा ग्रंथ उघडला, पण दुसऱ्याच प्रकरणात अडकलो. काय वाचू?

शून्यांश
तो ग्रंथ संदर्भासाठी अजोड आहे, पण पहिल्या वाचनाचा नव्हे. आधी न फिरणारं विवर आणि वस्तुमानरहित स्केलर फील्ड (प्रत्येक बिंदूला एकच संख्या असलेलं, सगळ्यात सोपं क्षेत्र) घ्या. कोनांचा भाग वेगळा काढलात की श्रोडिंगरसारखं एकमितीय समीकरण उरतं. मधे विभवाचं (पोटेन्शियलचं) एक टेकाड, क्षितिजाच्या (जिच्या आतून काही परत येत नाही त्या सीमेच्या) साधारण दीडपट त्रिज्येवर, म्हणजे प्रकाशाच्या वर्तुळाकार कक्षेच्या आसपास. क्षितिजापाशी लहर फक्त आत जाते, बाहेर काही येत नाही, एवढीच सीमाअट.

हे जमलं की विश्वेश्वरांचा १९७०चा 'नेचर'मधला छोटा निबंध जरूर वाचा. त्यांनी विवरावर गुरुत्वीय लहरींचे पुंजके सोडले. पुंजका रुंद असेल तर विशेष काही दिसत नाही. तो विवराच्या आकाराएवढा अरुंद केला, की परतणाऱ्या लहरीच्या मागे विझत जाणारी कंपनं उमटतात आणि ती पुंजक्यावर नाही, विवरावर अवलंबून असतात. २०१५ पासून गुरुत्वीय लहरींच्या डिटेक्टरमध्ये शोधली जाणारी, दोन विवरांच्या विलीनीकरणानंतरची कंपनं ती हीच. मला या विषयात यापेक्षा सुंदर काही सापडलेलं नाही.

अंकगणक
कोड लिहिणार असाल तर क्षितिजाजवळून सुरू करून बाहेर या, पण फार जवळून नको. टॉर्टॉईज कोऑर्डिनेटमध्ये (या एकमितीय समीकरणात वापरतात त्या ताणलेल्या त्रिज्येत) क्षितिज उणे अनंताला जातं, आणि त्रिज्येतून क्षितिजाची त्रिज्या वजा करताना अचूकता पार उडते. बाहेरच्या टोकाला विभव सावकाश विरतो, म्हणून तिथे श्रेणी वापरून जुळवा. परावर्तित आणि आत गेलेल्या अंशांची बेरीज एक आलीच पाहिजे. त्यानंतर शोषणाचा क्रॉस सेक्शन (विवर लहर गिळतं ते परिणामी क्षेत्रफळ) तपासा: फार कमी वारंवारतेला तो बरोब्बर क्षितिजाच्या क्षेत्रफळाइतका, म्हणजे वस्तुमानाच्या वर्गाच्या १६π पट (गुरुत्वस्थिरांक जी आणि प्रकाशवेग सी एक धरून). वारंवारता वाढवत न्या, तो २७π पटीच्या आसपास हेलकावत स्थिरावतो. ही दोन्ही टोकं जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

क्षितिजापार
शून्यांश यांचा क्रम पटतो, पण स्केलरवर फार रेंगाळू नका. खरी गंमत फिरत्या विवरात आहे. तिथे ट्युकॉल्स्कींचं १९७२-७३चं समीकरण लागतं. लहरीची वारंवारता विवराच्या फिरण्याच्या मानाने पुरेशी कमी असेल, तर ती आली त्यापेक्षा मोठी होऊन परतते, ऊर्जा विवराच्या फिरण्यातून घेऊन. स्केलरमध्ये ही वाढ अर्ध्या टक्क्याच्याही आत, विद्युतचुंबकीय लहरींत जास्तीत जास्त ४.४ टक्के, गुरुत्वीय लहरींत मात्र १३८ टक्क्यांपर्यंत. कोनानुसार विखुरण्यासाठी फटरमन, हँडलर आणि मॅट्झनर यांचं १९८८चं पुस्तक.

नवखा_तरंग
आभार. स्केलरवरून गुरुत्वीय लहरींकडे येताना, न फिरणाऱ्या विवरासाठी सगळं नव्यानं करावं लागेल का?

शून्यांश
नाही हो. त्याच एकमितीय समीकरणात (गुरुत्वीय लहरींसाठी त्याला रेजे-व्हीलर समीकरण म्हणतात) विभवातल्या एकाच पदाचा गुणांक बदलतो: स्केलरला अधिक दोन, प्रकाशाला शून्य, गुरुत्वीयला उणे सहा. फक्त गुरुत्वीय लहरींत कोनीय अंक (पार्शल वेव्हचा क्रमांक) दोनपासून सुरू करा, शून्य आणि एक तिथे विकिरण देत नाहीत. बाकी कोड तोच चालेल.