जानेवारीत स्पिती, डिझेल गाडी: टाकीतलं डिझेल थिजू नये म्हणून काय करावं?

सह्यचकवा:
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून काझाला जायचं आहे. मार्ग शिमला, रामपूर, पोवारी, नाको, ताबो, काझा. नाकोला एक मुक्काम, काझाला तीन. गाडी बीएस-६ डिझेल एसयूव्ही, कॉमन रेल (एका सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाने सगळ्या इंजेक्टरना डिझेल), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी) दोन्ही आहेत, डिझेलची टाकी ५७ लिटरची. काझाला रात्री पारा उणे २५ पर्यंत जाईल असं धरून चाललोय. पोवारीला टाकी फुल्ल करून वर जावं का? अ‍ॅडिटिव्ह (डिझेल थिजू नये म्हणून मिसळायचं रसायन) कधी आणि किती घालायचं? आणि सकाळी गाडी चालू झालीच नाही, तर कशाला हात लावायचा आणि कशाला नाही?

पाना_दहाबारा:
डिझेल पाण्यासारखं गोठत नाही, खोबरेलासारखं थिजतं. हा फरक लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं होतं.

डिझेलमध्ये मेण विरघळलेलं असतं. गारठा वाढला की मेणाचे कण सुटायला लागतात आणि डिझेल गढूळ दिसतं, तो क्लाउड पॉइंट. आणखी खाली गेलं की कण एकमेकांत गुंततात आणि फिल्टरवर सायीसारखा थर धरतो. ज्या तापमानाला डिझेल चाचणीच्या जाळीतून ठरलेल्या वेळात जाईनासं होतं, तो सीएफपीपी. सगळ्यात खाली पोअर पॉइंट, तिथे भांडं तिरकं केलं तरी डिझेल हलत नाही. गाडी बंद पडते ती पोअर पॉइंटच्या बरीच आधी, कारण फिल्टरची छिद्रं काही मायक्रॉनचीच असतात.

आपल्या आयएस १४६० मानकात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलला सीएफपीपी ६ अंशांपर्यंत चालतो, बाकीच्या महिन्यांत १८ पर्यंत. हो, अधिक सहा आणि अधिक अठरा. पंपावरचं डिझेल सहसा याहून बरं असतं, पण कागदावरची हमी एवढीच. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपत रिफायनरीतून विंटर डिझेल काढलं ते लडाख, कारगिल, काझा, केलाँग अशा भागांसाठी. त्याचा पोअर पॉइंट उणे ३३. हा आकडा पोअर पॉइंटचा आहे, सीएफपीपीचा नाही, त्यामुळे उणे ३३ पर्यंत बिनघोर असं समजू नका. तुमच्या उणे २५ ला मात्र खरा भरवसा त्याच डिझेलवर ठेवायचा.

म्हणून पोवारीला फुल्ल टाकी नको. पोवारी ते काझा अंदाजे २०० किमी, घाटात १२ चा अ‍ॅव्हरेज धरला तर १७ लिटर. पोवारीहून निघताना टाकीत २५ लिटर असू द्या, काझाला ७-८ लिटर घेऊन पोचाल. वर ४५-४८ लिटर विंटर डिझेल बसेल. अर्धं साधं आणि अर्धं विंटर केलं तर गुणही अर्धे येतील असा हिशेब इथे चालत नाही. साध्या डिझेलमधलं मेण पूर्ण मिश्रणाला लवकर थिजवतं. पंपावर शब्द वापरून विचारा, ‘विंटर ग्रेड है क्या?’ नुसतं डिझेल मागितलंत तर जे असेल ते मिळेल.

आणि भरल्याभरल्या गाडी उभी करू नका. फिल्टर, पाइप आणि रेलमध्ये जुनंच डिझेल असतं. भरल्यावर १५-२० किमी फिरवा, ‘की’ नावाच्या गोम्पाला (बौद्ध मठाला) जाऊन आलात तरी झालं. म्हणजे काझात शिरताना आधी पंप, मग हॉटेल.

घाटमाथ्यावरून:
एवढा खटाटोप कशाला? टाकीत २० टक्के रॉकेल टाका. पहाडी ट्रकवाले वर्षानुवर्षं तेच करतात.

पाना_दहाबारा:
ते ट्रक जुन्या मेकॅनिकल पंपाचे. रॉकेलमध्ये मेण कमी म्हणून डिझेल उशिरा थिजतं हे खरंच आहे. पण हिशेब करून बघा. १० टक्के रॉकेलने ढोबळमानाने २-३ अंशांचा फरक पडतो, म्हणजे २० टक्क्यांत ५-६ अंश. उणे २५ साठी निम्मी टाकी रॉकेल केली तरी पुरणार नाही. कॉमन रेलचा हायप्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो आणि रॉकेल कोरडं असतं. पंप झिजला की त्याचा चुरा थेट इंजेक्टरमध्ये. वर गंधक. बीएस-६ डिझेलमध्ये ते जास्तीत जास्त १० पीपीएम, रॉकेलमध्ये त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे एक्झॉस्टमधले कॅटॅलिस्ट खराब होतात. रेशनचं निळं रॉकेल गाडीत घालणं बेकायदेशीर आहे, ते निराळंच. पेट्रोल मिसळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकूसुद्धा नका.

नेकारकाठ:
जर्मनीतून लिहितेय. इथे १६ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर पंपावरचं डिझेल सीएफपीपी उणे २० चंच असतं, त्यामुळे बहुतेकांना हा प्रश्न कळतही नाही. अडकतात ते सप्टेंबरमध्ये टाकी भरून गाडी उभी ठेवणारे. तुमचंही तेच होऊ शकतं, फक्त तुमच्याकडे ऋतू नाही, उंची बदलतेय.

अ‍ॅडिटिव्हबद्दल. ते मेण काढून टाकत नाही, कण बारीक ठेवतं, म्हणजे फिल्टरमधून निसटतील एवढे. हे काम कण तयार होण्याआधीच होतं. डिझेल एकदा गढूळ झालं की बाटली ओतून उपयोग नाही. म्हणून पोवारीच्या थंडीत नको, खाली रामपूरला, दुपारी, इंजिन गरम असताना घाला. आधी अ‍ॅडिटिव्ह, मग वरून डिझेल, म्हणजे धारेने ढवळलं जातं. मात्रा बाटलीवर असेल तीच. १:४०० लिहिलं असेल तर ४० लिटरला १०० मिली. दुप्पट घातल्याने दुप्पट फायदा होत नाही. बाटलीवरचा ‘उणे ३०’ हा आकडा कंपनीने निवडलेल्या डिझेलवरचा असतो. आपण साध्या डिझेलला १० अंशांची सूट मिळाली असं धरावं, जास्त नाही. नाकोच्या मुक्कामाचं मला म्हणूनच पटत नाही. त्या रात्री टाकीत साधं डिझेलच असणार. पोवारीच्या आसपास झोपून पहाटे निघा आणि उजेडात काझा गाठा.

अ‍ॅडब्लू उणे ११ ला गोठतं आणि गोठताना फुगतं. त्याची टाकी काठोकाठ भरू नका. टाकीत हीटर असतो आणि अ‍ॅडब्लू गोठलेलं असलं तरी इंजिन चालू होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

ग्लोप्लग:
सकाळच्या प्रश्नाचं उत्तर. आधी लक्षण ओळखा, कारण चारपैकी तीन वेळा लोक डिझेलला दोष देतात आणि गेलेली असते बॅटरी. सेल्फ (स्टार्टर मोटर) रडतखडत फिरतोय, तर बॅटरी किंवा जाड ऑइल. उणे १८ ला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी राहते. तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर निघण्याआधी लोड टेस्ट करा आणि कंपनीला चालत असेल तर ५डब्ल्यू-३० (थंडीत पातळ राहणारं) ऑइल. सेल्फ जोरात फिरतोय, पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येतोय, तर ग्लो प्लग (गाडी चालू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) गेलेत. गाडी चालू झाली आणि मिनिटा-दोन मिनिटांत गुदमरून बंद पडली, तर मात्र डिझेल थिजलं. फिल्टरपुढचं डिझेल संपेपर्यंत चालली, मागून आलं नाही. चढावर ताकद जाते आणि सपाटीला बरी चालते, तर फिल्टर अर्धा चोक.

थिजलं असेल तर सेल्फ मारत बसू नका. १० सेकंदांच्या वर नाही, मध्ये दोन मिनिटं थांबा. कोरड्या पंपाने फिरवत राहिलात तर पंपच खाल. फिल्टरला जाड फडकं गुंडाळून वर गरम पाण्याची पिशवी अर्धा तास ठेवा. उकळतं पाणी थेट ओतू नका, प्लास्टिकचं हाउसिंग तडकतं आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरून तिथेच गोठतं. फिल्टर बदलायचा असेल तर नव्यात वरून डिझेल ओतू नका, गाळ थेट स्वच्छ बाजूला जातो. हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, नसेल तर चावी ऑन-ऑफ चार-पाच वेळा करून फीड पंपाला डिझेल ओढू द्या, मग सेल्फ. टाकीच थिजली असेल तर गाडी ऊन पडेल तिथे ढकलायची आणि वाट बघायची. टाकीखाली स्टोव्ह किंवा शेकोटी अजिबात नाही, तुमची टाकी प्लास्टिकची आहे. ईथरचा स्प्रेही नाही. ग्लो प्लग तापलेले असताना तो भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टन फुटतो.

पुण्यातच करून निघायचं काम: फिल्टर नवा टाका आणि तळातलं पाणी काढा. डिझेल थिजायच्या आधी ते पाणी गोठतं आणि लक्षणं तंतोतंत तीच दिसतात. फिल्टर हीटर आहे का तेही विचारा. तो चावी ऑन असतानाच चालतो, टाकीच्या जाळीला त्याचा उपयोग शून्य.

सह्यचकवा:
नाको रद्द. रामपूरला अ‍ॅडिटिव्ह, पोवारीहून २५ लिटर, काझाला आधी पंप. रात्री दर दोन तासांनी उठून इंजिन चालू ठेवावं लागेल का? आणि वाऱ्याने डिझेल जास्त थंड होतं का?

ग्लोप्लग:
वाऱ्याने डिझेल हवेपेक्षा थंड होत नाही, फक्त लवकर थंड होतं. तरी तोंड भिंतीकडे करून लावा. विंटर डिझेल असेल तर उठायची गरज नाही. आयडलिंगवर डीपीएफमध्ये काजळी साठते, आणि बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवलीत तर धुराने माणूस दगावतो. हँडब्रेक ओढू नका, गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. बॉनेटवर घोंगडी टाकलीत तर सेल्फ मारण्याआधी काढा.

पाना_दहाबारा:
उरलेलं विंटर डिझेल पुण्यापर्यंत तसंच जाळा, तेही बीएस-६ च आहे. आणि जादा फिल्टर घेताना डब्यात ओ-रिंग (सील करणारं रबरी कडं) आहे ना ते दुकानातच उघडून बघा. जुनी ओ-रिंग थंडीत कडक होते, हवा ओढते, आणि मग प्रायमर कितीही दाबा, कडक होत नाही.