बिस्मथ सेलेनाइड आतून इन्सुलेटर म्हणे, मग माझा मीटर वेगळंच का सांगतोय?

झोपाळू_इलेक्ट्रॉन: एमएस्सी प्रोजेक्टला बिस्मथ सेलेनाइडचा क्रिस्टल मिळालाय. टॉपोलॉजिकल इन्सुलेटर, आतून करंट जात नाही, फक्त सरफेसवरून जातो असं सगळीकडे वाचलं. चार प्रोब लावून थंड करत नेला तर रेझिस्टन्स कमीच होत गेला, सरळ धातूसारखा. कनेक्शन तीनदा तपासली. आणि एक बाळबोध शंका, प्लास्टिकला तांब्याचा मुलामा दिला तरी आत इन्सुलेटर बाहेर कंडक्टर होतंच ना, मग यात एवढं काय?

भट्टीवाले_काका: कनेक्शनं सोड, तुझं काही चुकलेलं नाही. क्रिस्टल वाढवताना सेलेनियम उडतं, त्याच्या रिकाम्या जागा राहतात आणि त्या जागा इलेक्ट्रॉन सोडतात, ते आतच हिंडत बसतात. गॅप (इलेक्ट्रॉनना मनाई असलेला ऊर्जेचा पट्टा) चांगली 0.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे पण फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेत ती ऊर्जा) कंडक्शन बँडमध्ये, म्हणजे गॅपच्या वरच्या, मोकळं हिंडता येणाऱ्या पट्ट्यात जाऊन बसलीये, त्यामुळे इन्सुलेटर फक्त नावाला. तीनपैकी दोन सेलेनियमच्या जागी टेल्युरियम असलेला क्रिस्टल मिळतो का बघ, तो आतून बराच बरा.

तिरपागडी: मुलामा खरवडला की संपला. इथे चिकटपट्टी लावून वरचे थर ओढून काढ (सहज निघतात, एकेक थर पाच अणूंचा, साधारण 1 नॅनोमीटर), खाली जो नवा पृष्ठभाग उघडा पडेल तोही कंडक्टच करणार. वरून काही लावलेलं नाहीच मुळी. स्पिन-ऑर्बिट कपलिंगमुळे (इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं अंगचं छोटं चुंबकत्व, आणि त्याची हालचाल यांची सांगड) आत गॅपच्या वरचे-खालचे बँड उलटे झालेत, बाहेर ते सरळ, म्हणून सीमेवर कुठेतरी गॅप मिटावीच लागते. शिवाय इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या दिशेला बांधलेला, त्यामुळे साध्या अशुद्धीला धडकून तो आल्या वाटेने परत फिरू शकत नाही.

झोपाळू_इलेक्ट्रॉन: मग खरंच आतून ठणठणीत इन्सुलेटर असं काही आहे का?

भट्टीवाले_काका: समारियम हेक्साबोराइड. थंड केलं की रेझिस्टन्स चढत जातो आणि 4 केल्विनच्या आसपास एकदम सपाट होतो, लोक कित्येक वर्षं अशुद्धीवर खापर फोडत होते. 2010 ला टॉपोलॉजिकल असेल अशी थिअरी आली, मग कुणीतरी तुकडा घासून पातळ करत नेला तरी त्या सपाट भागातला रेझिस्टन्स जवळपास तोच, आतून करंट जात असता तर वाढला असता की. पण ते टॉपोलॉजिकलच का यावर अजून भांडणं चालू आहेत.

झोपाळू_इलेक्ट्रॉन: घासायचा प्रयोग माझ्यावर करता येईल का? म्हणजे माझ्या क्रिस्टलवर.

तिरपागडी: कर की, रेझिस्टन्स वाढेल आणि काका म्हणतायत तेच सिद्ध होईल. फक्त गाईडला आधी विचार, क्रिस्टल त्यांचा आहे.