शीर, नस, धमनी, रोहिणी, नीला: रक्तवाहिन्यांना नेमकं काय म्हणावं?

निपाणी

नमस्कार. आमच्या महिला मंडळासाठी बीपी आणि हृदयविकारावर मराठीत एक तक्ता करतो आहोत. आकृती काढून झाली, नावांपाशी काम अडलं आहे. कोल्हापूरला शिकणाऱ्या भाचीच्या पुस्तकात 'धमनी' आणि 'शिरा' आहेत. सासऱ्यांकडच्या जुन्या पुस्तकात 'रोहिणी' आणि 'नीला'. शेजारची मुलगी कन्नड माध्यमात आहे, तिला 'अपधमनी' आणि 'अभिधमनी' ठाऊक. आणि ज्यांच्यासाठी तक्ता आहे त्या सगळ्या बायका सरसकट 'नस' म्हणतात. काय लिहावं?

बेळगाव, शहापूर

ताई, तक्त्यावर 'धमनी' आणि 'शीर' लिहा. कारण पुढे सांगतो, पण आधी 'नस' घेऊ या, खरी गुंतागुंत तिथं आहे. मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

'हार्टच्या नसेत ब्लॉकेज' म्हणतो तेव्हा ती नस धमनी असते. 'कमरेत नस दाबली गेली' म्हणतो तेव्हा मज्जातंतू. 'हातावरच्या नसा फुगल्यात' म्हणजे शिरा. 'मानेची नस आखडली' म्हणजे बहुतेक वेळा स्नायू. आणि 'नसबंदी'तली नस यांपैकी काहीच नाही, ती शुक्रवाहिनी. 'शीर' या शब्दाचंही बोलण्यात असंच होतं. टाचेच्या मागे वर जाणाऱ्या जाड, ताठ भागाला जुने लोक 'घोडशीर' म्हणतात. ती प्रत्यक्षात कंडरा आहे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी. कातडीखाली लांबट, ताणलेलं असं जे जे हाताला लागलं त्याला आपल्या भाषेनं शीर किंवा नस म्हटलं.

घरच्या बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही. औषधापाशी मात्र बिघडू शकतं. 'नसांची गोळी' म्हणून लोक बी जीवनसत्त्वाची गोळी घेतात, ती मज्जातंतूंसाठी असते. 'हार्टची नस' असं ऐकलेल्या माणसाला तीच गोळी इथंही चालेल असं वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा? हृदयाची ती 'नस' म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणारी धमनी. तिच्या भिंतीच्या आतल्या थरात मेद साठत जातो आणि वाट अरुंद होते. मज्जातंतूच्या गोळीचा तिथं काही उपयोग नाही. म्हणून तुमच्या तक्त्यावर एका ओळीत ठळक लिहा: हृदयाची 'नस' म्हणजे धमनी, रक्ताची वाट.

आता धमनी आणि शीर या दोघींची घडण. धमनी रक्त हृदयापासून दूर नेते, शीर हृदयाकडे आणते. दोघींच्या भिंतीला थर तीनच असतात. फरक मधल्या थराचा. धमनीत तो जाड असतो, स्नायू आणि लवचिक तंतूंचा. हृदयातून निघणारी महाधमनी सुमारे अडीच सेंटीमीटर रुंद असते. ठोक्यासरशी रक्त आत येतं तेव्हा ती ताणली जाते आणि दोन ठोक्यांच्या मधे पुन्हा आकसून रक्त पुढे ढकलते. त्यामुळे हृदय शिथिल असतानाही रक्त थांबत नाही. बीपीचे 120 आणि 80 हे दोन आकडे त्यातूनच आले: पहिला ठोक्याच्या वेळचा धमनीतला दाब, दुसरा दोन ठोक्यांच्या मधला.

शिरेचा मधला थर पातळ, आतली जागा मात्र ऐसपैस. माणूस स्वस्थ असतो तेव्हा शरीरातलं निम्म्याहून बरंच जास्त रक्त शिरांमध्येच असतं. तिथं दाब अगदी कमी. म्हणून पायातलं रक्त वर चढायला पोटरीच्या स्नायूंचा दाब लागतो आणि चढलेलं रक्त खाली घसरू नये म्हणून हातापायांच्या शिरांत झडपा असतात. या झडपा निकामी झाल्या की शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. वडगाव-शहापूरच्या मागावर उभं राहून काम करणाऱ्या विणकरांना, हॉटेलात दिवसभर उभ्या असणाऱ्या पोरांना हे ओळखीचं आहे. कोशात त्याला 'अपस्फीत नीला' म्हणतात. तक्त्यावर 'पायाच्या शिरा फुगणे' पुरे.

खानापूर

मी दवाखान्यात नर्स आहे. आमचा रोजचा शब्द 'शीर'च. "मावशी, मूठ आवळा, शीर गावंना." कन्नड बोलणाऱ्या आजींना तेच सांगायचं तर "नर सिगवल्दु." बोलण्यातला कन्नड 'नर' अगदी आपल्या 'नस'सारखा आहे, शीरही नर आणि मज्जातंतूही नर. पुस्तकात मात्र 'नरव्यूह' म्हणजे मज्जासंस्था.

सलाईन लावतो, तपासणीसाठी रक्त काढतो ते शिरेतून. नाडी बघतो ती धमनीवर. रक्तातला ऑक्सिजन तपासायचा असेल तेव्हा मनगटाच्या धमनीतून रक्त घ्यावं लागतं, ते जास्त दुखतं. शीर कापली तर काळसर लाल रक्त संथ वाहतं, धमनी कापली तर भडक लाल, ठोक्याठोक्याला उसळून येतं. दोन्ही वेळा पहिलं काम एकच: स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून धरायचं आणि दवाखाना गाठायचा.

कुणी "पायाची नस दुखते" म्हणून आलं की मी नुसतं 'नस' लिहून घेत नाही. मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, कळ कमरेपासून खाली उतरते का? मग मज्जातंतूचा संशय. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय जड होतो, सुजतो, वर ठेवला की बरं वाटतं? मग शिरा. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, पाय गार लागतो? मग धमनी, आणि तिथं उशीर करून चालत नाही. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते, तेव्हाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. बाईंनी तक्त्यावर हे प्रश्न घातले तर फार बरं होईल.

चिकोडी

कन्नड शब्दांबद्दल थोडं. 'अप' म्हणजे दूर आणि 'अभि' म्हणजे कडे. अपधमनी हृदयापासून दूर नेणारी, अभिधमनी हृदयाकडे आणणारी. व्याख्या नावातच आहे, ही मला या जोडीची मोठी खुबी वाटते. मराठी कानाला 'अप' म्हटलं की अपशकुन, अपघात आठवतो, म्हणून आपल्याकडे ती जोडी रुळणं अवघड आहे.

रक्तवाहिनी म्हणजे 'रक्तनाळ'. आणि धमनी व शीर यांना जोडणारी आपली बारीक केशवाहिनी तिकडे 'लोमनाळ'. लोम म्हणजे केसच.

मला वेगळीच शंका आहे. आम्ही शाळेत 'शुद्ध रक्तवाहिनी' आणि 'अशुद्ध रक्तवाहिनी' असं घोकलं होतं. तक्त्यावर तेच सोपं पडणार नाही का?

बेळगाव, शहापूर

सोपं पडेल, पण चुकीचं शिकवलं जाईल. कृपया 'शुद्ध-अशुद्ध' तक्त्यावर घेऊ नका.

हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी फुप्फुस धमनी कमी ऑक्सिजनचं रक्त नेते. फुप्फुसांतून हृदयाकडे परतणाऱ्या शिरा भरपूर ऑक्सिजनचं रक्त आणतात. म्हणजे शुद्ध-अशुद्धची व्याख्या हृदयाच्या दारातच मोडते. तुम्ही 'नाळ' शब्द काढलात म्हणून दुसरं उदाहरण देतो. कन्नडमध्ये नाळ म्हणजे कुठलीही नळी, मराठीत ती बाळाची. त्या नाळेत सहसा दोन धमन्या आणि एक शीर असते. आईकडून ऑक्सिजन आणि पोषण घेऊन बाळाकडे येते ती शीर. बाळाकडून वारेकडे परत जातात त्या धमन्या. दिशा धरली तर नावं इथंही बरोबर बसतात: बाळाच्या हृदयापासून दूर ती धमनी, हृदयाकडे ती शीर.

आणि 'अशुद्ध' शब्दानं मनात घाण येते. शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, एवढंच. त्यातही ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. ते रक्त काढून टाकण्याजोगं नसतं. आकृतीत शिरा निळ्या रंगवतात, त्यानं आणखी एक समज पसरतो. शिरेतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. कातडीतून प्रकाश ज्या तऱ्हेनं परत येतो त्यामुळे शीर निळसर दिसते. तक्त्यावर निळा रंग वापरा, पण खाली 'ओळखण्यासाठी दिलेला रंग' असं लिहा.

अथणी

'रोहिणी' आणि 'नीला' असे टाकून देऊ नका हो. मराठी विश्वकोशात तेच शब्द आहेत. महारोहिणी, महानीला असे जोडशब्द किती सुरेख बनतात!

बेळगाव, शहापूर

सुरेख आहेत आणि मला प्रियही आहेत. ही नावं फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे सिरा सांगितल्या आहेत, त्यांच्या चार जाती: अरुणा वाताच्या, नीला पित्ताच्या, गौरी कफाच्या आणि रोहिणी रक्ताच्या. म्हणजे तिथली नीला आजच्या अर्थाची शीर नव्हे. जुन्या नावांना नवा अर्थ दिला गेला आहे. 'धमनी'ची फोड चरकसंहितेत 'ध्मान' म्हणजे फुंकणं, फुगणं यावरून केली आहे आणि 'सिरा'ची 'सरण' म्हणजे सरकणं यावरून. ठोक्याला फुगते ती धमनी, जिच्यातून रक्त सरकत जातं ती शीर. आजच्या माहितीशी हे इतकं जुळतं की शिकवताना मी दरवेळी सांगतो, आणि म्हणूनच तक्त्यासाठी हीच जोडी सुचवली.

रक्त फिरून पुन्हा हृदयाकडे येतं, हे मात्र इंग्लंडचे वैद्य विल्यम हार्वी यांनी 1628 साली मांडलं. त्यांचा एक पुरावा कुणालाही आपल्या हातावर पाहता येतो. दंडाला फडकं जरा आवळून बांधा, कोपराखालच्या शिरा उठून दिसतील. एका शिरेवर मनगटाकडे बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानं तिथून वर, कोपराकडे, पुढच्या गाठीपलीकडे रक्त सारा. मधला तुकडा रिकामा राहतो, वरून रक्त परत येत नाही, कारण ती गाठ म्हणजे झडप. खालचं बोट उचललं की लगेच भरतो. मंडळात हे करून दाखवा, फडकं मात्र लगेच सोडा. धमनीतलं रक्त शिरेत नेमकं कुठून जातं हे हार्वींना दिसलं नव्हतं. 1661 साली इटलीचे शास्त्रज्ञ माल्पीगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. त्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची असते, आणि वाट इतकी अरुंद की तांबड्या पेशीला अंग मुडपून, एकामागे एक जावं लागतं. ऑक्सिजनची देवघेव होते ती तिथंच, मोठ्या वाहिन्यांत नाही.

अथणीकरांच्या सूचनेसाठी तक्त्याच्या तळाशी एक ओळ ठेवता येईल: धमनीलाच रोहिणी आणि शिरेलाच नीला म्हणतात. म्हणजे जुनं पुस्तक उघडणाऱ्याचं अडणार नाही.

निपाणी

सगळ्यांचे आभार. धमनी, शीर, केशवाहिनी ठरलं, खाली रोहिणी-नीलाची ओळ, शेजारी कन्नड शब्दही देतो, कारण अर्ध्या जणी दवाखान्यात कन्नडच ऐकतात. खानापूरच्या ताईंचे प्रश्न जसेच्या तसे घेते. एकच राहिलं. आमच्याकडे तंबाखू आणि बिडीची कामं घरोघरी. एका बाईंच्या यजमानांचा अंगठा काढावा लागला, लोक "पाय सडला" म्हणतात आणि त्या गप्प होतात. तिथं काय लिहावं?

खानापूर

"तंबाखूमुळे हातापायांच्या लहान धमन्या बंद पडतात, बोटांना रक्त पोचत नाही" असं लिहा. 'सडला' नको, त्यात माणसाला कमीपणा येतो. बोट गार पडणं, रंग बदलणं, न भरणारी जखम, रात्री झोप उडवणारी कळ, ही लक्षणं त्याच खाली द्या. बिडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण सोडली तर पुढची बोटं वाचण्याची शक्यता खूप वाढते, नुसती कमी करून भागत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात हवं.